लेखापालांच्या रजेत बदली माणूस: एका सेवेचा अनुभव

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग घडविणारी आमची छोटी खासगी मर्यादित कंपनी आहे. तिचे हिशेब सांभाळणारे लेखापाल २०२५च्या आषाढीला आळंदीहून पंढरपूरला पायी गेले, तेव्हा तेवढ्या काळापुरते त्यांचे टेबल चालते ठेवण्यासाठी आम्ही पुण्यातल्या एका संस्थेची ‘बदली लेखापाल’ सेवा घेतली. बाळंतपणाची रजा, आजारपण, घरचे कार्य किंवा लांबचा प्रवास यांमुळे हिशेबाचे काम अडू लागले की ही संस्था ठरावीक मुदतीसाठी अनुभवी माणूस पाठवते. संस्थेचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही. काही तक्रारी आहेत, त्या संस्थेच्या कानावर घातल्या आहेत, आणि माझा हेतू कोणाला नावे ठेवण्याचा नसून अशी सेवा घेऊ पाहणाऱ्या कारखानदारांना आधी काय विचारावे हे कळावे एवढाच आहे.

मोठ्या कंपनीच्या लेखा विभागात दुसरी फळी असते. एक जण रजेवर गेला तर शेजारचा त्याचे काम ओढतो. आमच्यासारख्या ठिकाणी बिले, ई-वे बिले (मालाच्या वाहतुकीसाठी ऑनलाइन काढायचा दस्तऐवज), हजेरीवरून तयार होणारे पगारपत्रक, भविष्य निर्वाह निधी, कामगार राज्य विमा, टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा आयकर), जीएसटीची विवरणपत्रे, पुरवठादारांची देणी आणि ग्राहकांकडची वसुली हे सारे एकाच माणसाकडे असते. असा माणूस वर्षानुवर्षे लांब रजा घेत नाही, आणि मालकही ‘तुमच्याशिवाय चालणार नाही’ असे कौतुकाने म्हणत त्याची रजा पुढे ढकलत राहतो. आमच्या लेखापालांची वारीची इच्छा बरीच जुनी होती. ती आणखी लांबवणे योग्य नव्हते, आणि रजा द्यायची तर वाटेत त्यांना फोनवरून छळायचे नाही, हेही आम्ही आधीच ठरवले होते. त्यामुळे सेवेची कसोटी आमच्या लेखी सरळ होती: कामे वेळेवर व्हावीत, आणि चालणाऱ्या माणसाला सुखाने चालता यावे.

२०२५ साली ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचे प्रस्थान १९ जूनला झाले आणि आषाढी एकादशी ६ जुलैला आली. हिशेबाच्या दृष्टीने हे दिवस तसे सोयीचे पडले. मे महिन्याचे जीएसटीआर-१ हे विक्रीचे विवरणपत्र ११ जूनपर्यंत, भविष्य निर्वाह निधी व राज्य विम्याचा भरणा १५ जूनपर्यंत आणि आगाऊ आयकराचा पहिला हप्ताही त्याच तारखेला, अशी तीन ओझी लेखापालांनी निघण्यापूर्वीच उतरवून ठेवली होती. रजेच्या काळात उरल्या त्या तारखा म्हणजे जीएसटीआर-३बी हे महिन्याच्या कराचे विवरणपत्र भरून कर जमा करण्याची २० जून, आणि जूनच्या टीडीएसचा भरणा व कामगारांचा पगार यांची ७ जुलै. हजारापेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्यात पगार पुढच्या महिन्याच्या सातव्या दिवसाच्या आत हाती पडला पाहिजे, असे वेतन प्रदान अधिनियमातच होते, त्यामुळे ‘लेखापाल वारीला गेले आहेत’ ही सबब तेथे चालत नाही. जीएसटीआर-३बी चुकले तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर वार्षिक १८ टक्के व्याज लागते. टीडीएस कापून उशिरा भरला तर महिन्याला दीड टक्का, आणि महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना धरला जातो. रकमा डोळे पांढरे करणाऱ्या नाहीत, पण बँकेत कर्जमर्यादेचे नूतनीकरण असते तेव्हा असे डाग विचारले जातात.

सेवा घेण्यापूर्वी आम्ही इतर वाटाही पाहिल्या. आपल्या लेखापरीक्षकांच्या कार्यालयातून एखादा मुलगा बोलवावा, ही पहिली सूचना प्रत्येक जण करतो. परंतु कंपनी अधिनियमाच्या कलम १४४नुसार वैधानिक लेखापरीक्षकाला त्याच कंपनीचे हिशेब लिहिण्याची सेवा देता येत नाही, प्रत्यक्षपणेही नाही आणि अप्रत्यक्षपणेही नाही. मालकीची किंवा भागीदारीची पेढी असेल तर हे कलम आड येत नाही. आमची कंपनी असल्यामुळे ते दार बंद होते. स्टोअरच्या कारकुनाकडे काम सोपवावे, तर त्याला बिले काढता येतात पण विवरणपत्रे भरता येत नाहीत, शिवाय माल उतरवून घेणारा आणि त्याच मालाचे बिल पास करणारा एकच असू नये, हे हिशेबाचे जुने पथ्य मोडते. निवृत्त लेखापाल मिळाले असते, पण त्यांनी काम सोडले तेव्हा ई-इन्व्हॉइस (सरकारी संकेतस्थळावर नोंदवून घ्यायचे बिल) नव्हते. अखेर सेवेकडे वळलो.

विक्रीसाठी आलेल्या प्रतिनिधीचा भर एका गोष्टीवर होता: त्यांचा माणूस पहिल्या दिवसापासून काम सुरू करतो, मूळ लेखापालांसोबत बसण्याची गरज पडत नाही. हे वाक्य ऐकायला चांगले वाटते आणि नेमके त्यावरच विश्वास ठेवू नये. हिशेबाचे सॉफ्टवेअर टॅलीप्राइम सगळीकडे सारखेच असते, पण त्यात उघडलेली खाती कोणी, केव्हा आणि कशासाठी उघडली हे प्रत्येक कारखान्याचे वेगळे असते. आम्ही जादा पैसे मोजून लेखापाल निघण्यापूर्वीचे काही दिवस दोघांना एकत्र बसवले. पुढे जे काही सुरळीत झाले त्याचे निम्मे श्रेय या एकत्र बसण्याला आहे, आणि ते संस्थेच्या मूळ प्रस्तावात नव्हते, म्हणून त्याचे गुण मी संस्थेला देत नाही.

ज्या बाई बदली म्हणून आल्या त्यांचे गुण मात्र मोकळेपणाने द्यायला हवेत. जॉबवर्क (एकाच्या मालावर दुसऱ्याने प्रक्रिया करून देणे), सुट्या भागांचे उत्पादन आणि मजुरीची बिले यांतला फरक त्यांना समजावून सांगावा लागला नाही. चार्ज घेताना त्यांनी आमच्या लेखापालांना विचारलेले प्रश्न ऐकण्यासारखे होते: कोणत्या पुरवठादाराची बिले नेहमी उशिरा येतात, कोणत्या ग्राहकाचा माल परत येतो, रोख पेटीत सरासरी किती रक्कम राहते, कोणाला ॲडव्हान्स देऊन ठेवला आहे. उत्तरे त्या वहीत लिहून घेत होत्या. कारखान्यात सगळे त्यांना मॅडम म्हणू लागले, आणि बिलावर सही मागायला येणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरपासून पाळी-प्रमुखापर्यंत कोणालाही त्यांनी ‘हे आमच्या कामात येत नाही’ असे उत्तर दिल्याचे आठवत नाही.

संस्थेचा चार्ज घेण्याचा छापील तक्ता मात्र सदोष होता, आणि सर्वांत मोठी अडचण त्याच्यातूनच उभी राहिली. त्या तक्त्यात प्रत्येक शासकीय संकेतस्थळाचे वापरकर्ता नाव आणि पासवर्ड लिहिण्यासाठी रकाने होते. खात्यात शिरताना येणारा ओटीपी कोणाच्या मोबाइलवर जातो, हा रकानाच नव्हता. १ एप्रिल २०२५पासून ई-वे बिल आणि ई-इन्व्हॉइसच्या संकेतस्थळांवर उलाढाल कितीही असो, सर्वच करदात्यांना दुहेरी पडताळणी सक्तीची झाली आहे. आमच्या खात्याला लेखापालांचा मोबाइल जोडलेला होता. एका दुपारी माल भरलेली गाडी फाटकात उभी, पासवर्ड बरोबर, आणि ओटीपी गेला लोणंदच्या पुढे तरडगावच्या वाटेवर चालणाऱ्या माणसाच्या खिशात, जिथे लाखोंच्या गर्दीमुळे फोन लागणे हाच योगायोग असतो. गाडी खोळंबली, ग्राहकाची वेळ हुकली, आणि संध्याकाळी मुक्कामावर पोचल्यावर लेखापालांनीच परत फोन केला. आम्ही त्यांना दिलेला शब्द असा मोडला.

याचा उपाय अवघड नव्हता. ई-वे बिलाच्या संकेतस्थळावर मुख्य खात्याखाली उपवापरकर्ता तयार करता येतो, त्याला स्वतःचा मोबाइल क्रमांक आणि ठरावीक कामांपुरता अधिकार देता येतो, आणि काम संपल्यावर ते उपखाते गोठवता येते. मॅडमसाठी असे उपखाते दुसऱ्याच दिवशी तयार झाले आणि पुढे अडचण आली नाही. प्रश्न असा की वर्षभर हाच व्यवसाय करणाऱ्या संस्थेने ही गोष्ट आधी का विचारू नये. ज्या सेवेचे सारे मर्म एका माणसाच्या जागी दुसरा बसवण्यात आहे, तिने त्या माणसाच्या मोबाइल क्रमांकावर काय काय टांगलेले आहे याची यादी सर्वांत आधी करायला हवी. बँकेचा ओटीपी, आयकर खात्याचा, भविष्य निर्वाह निधीचा, ग्राहकांच्या पुरवठादार-संकेतस्थळांचा, इतकेच काय कुरिअरवाल्याचाही ओटीपी बहुतेक ठिकाणी लेखापालाच्याच फोनवर जातो.

पासवर्डांचा तो तक्ता आम्ही भरून दिला नाही, आणि इतरांनीही देऊ नये. तीच गोष्ट डिजिटल स्वाक्षरीची. कंपनीची जीएसटी विवरणपत्रे संचालकाच्या डिजिटल स्वाक्षरीने दाखल होतात. ती स्वाक्षरी यूएसबी टोकनवर असते आणि ते टोकन खणात ठेवून पिन सांगून टाकण्याची पद्धत लहान कारखान्यांत सर्रास आहे. संस्थेच्या समन्वयकाने ‘कामाच्या सोयीसाठी’ टोकन मॅडमकडे द्यावे असे सुचवले. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ४२नुसार स्वाक्षरीची खासगी किल्ली स्वतःच्या ताब्यात राखण्याची जबाबदारी ज्याच्या नावाने ती दिली आहे त्याची असते, त्यामुळे हा सल्ला कोणत्याही संस्थेने देणे बरे नव्हे. आमच्याकडे विवरणपत्र मॅडम तयार करीत आणि सही करायला संचालक स्वतः बसत. बँकेतही पैसे पाठवण्याची नोंद करण्यापुरता त्यांना अधिकार होता, मंजुरी आमच्याच हाती होती. या व्यवस्थेबद्दल मॅडमनी स्वतः समाधान व्यक्त केले, कारण परक्या ठिकाणी काम करणाऱ्या माणसालाही आपल्यावर संशय येऊ नये असेच वाटत असते.

आता जमेच्या बाजूकडे येतो. २० जूनच्या विवरणपत्राच्या वेळी मॅडमची खरी कामगिरी दिसली. ऑक्टोबर २०२४पासून जीएसटीच्या संकेतस्थळावर पुरवठादारांची बिले स्वीकारण्याची, नाकारण्याची किंवा प्रलंबित ठेवण्याची सोय झाली आहे. ज्या बिलावर आपण काहीच करत नाही ते स्वीकारले असे मानले जाते आणि त्यावरचा कर आपोआप आपल्या परताव्यात, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराच्या वजावटीत, जमा दिसतो. आमच्या नावाशी मिळतेजुळते नाव असलेली दुसरी एक कंपनी याच वसाहतीत आहे, आणि एका पोलाद विक्रेत्याने तिचे बिल आमच्या जीएसटी क्रमांकावर चढवले होते. १४ तारखेला संकेतस्थळावर आपोआप तयार झालेल्या अशा बिलांच्या गोषवाऱ्यात ते मुकाट्याने येऊन बसले होते. मॅडमनी स्टोअरच्या आवक नोंदींशी एकेक बिल ताडले, ते बिल नाकारले, गोषवारा पुन्हा काढला आणि मगच विवरणपत्र सहीसाठी समोर ठेवले. न आलेल्या मालावरचा कर परताव्यात घेतला असता तर पुढे तो व्याजासह परत करावा लागला असता. घाईत असलेला माणूस गोषवाऱ्यातला आकडा उचलून पुढे जातो. येथे परक्या माणसाने परक्याच्या पैशासाठी ती घाई केली नाही.

दुसरे उदाहरण जॉबवर्कचे. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाख रुपयांपर्यंतच्या मालाला ई-वे बिल लागत नाही आणि राज्याबाहेर ही मर्यादा पन्नास हजारांची आहे, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र राज्याबाहेर जॉबवर्कसाठी माल पाठवताना किमतीची मर्यादा लागूच होत नाही. दहा हजारांचे सुटे भाग प्लेटिंगसाठी कर्नाटकात पाठवले तरी ई-वे बिल काढावे लागते. आमच्या डिस्पॅचच्या मुलाने नुसत्या चलनावर गाडी काढायची तयारी केली होती. मॅडमनी ती थांबवली, आणि त्याच्यावर न ओरडता त्याच्याकडूनच ते बिल करून घेतले. आता तो मुलगा ही बाब विसरत नाही.

चुका झाल्या नाहीत असे नाही. एका मोठ्या ग्राहकाच्या बिलावर त्यांनी जुन्या खरेदी आदेशाचा क्रमांक टाकला. ग्राहकाच्या फाटकावर ते बिल यंत्राने वाचले जाते आणि क्रमांक जुळला नाही तर गाडी आत घेत नाहीत. ई-इन्व्हॉइस चोवीस तासांच्या आत रद्द करता येते, ते त्यांनी केले. पण रद्द केलेला बिल क्रमांक पुन्हा वापरता येत नसल्यामुळे नव्या क्रमांकाने बिल काढावे लागले आणि महिन्याच्या विवरणपत्रात रद्द बिलाची नोंद दाखवावी लागली. कोणत्या ग्राहकाचा कोणता आदेश संपला आणि कोणता चालू आहे, ही माहिती आमच्या लेखापालांच्या डोक्यात आणि काही प्रमाणात टेबलाच्या काचेखाली सरकवलेल्या चिठ्ठ्यांत असते. अशी चूक बदली माणसाकडून होणारच, हे गृहीत धरून पहिल्या आठवड्यात प्रत्येक बिल डिस्पॅचच्या माणसाने वाचून मगच पाठवायचे, एवढी अट संस्थेने स्वतःहून घातली असती तर बरे झाले असते.

वसुलीत मात्र त्यांचा आणि आमचा मेळ अजिबात बसला नाही. लेखापालांची वसुलीची पद्धत जुन्या वळणाची आहे. कोणत्या ग्राहकाच्या कार्यालयात कोणाला कोणत्या वारी फोन करायचा, कोणाकडे आधी मालाच्या स्वीकृतीची पावती मागायची, कोणाशी गणपतीच्या गप्पा मारून मग पैशांचा विषय काढायचा, हे त्यांचे ठरलेले आहे, आणि ते कुठे लिहिलेले नाही. मॅडमनी येणी तपासली, ४५ दिवस उलटलेली बिले वेगळी काढली, आणि एका जुन्या ग्राहकाला सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याचा हवाला देऊन पत्र पाठवले. त्या पत्रात काहीही चुकीचे नव्हते. ४५ दिवसांपलीकडच्या थकबाकीवर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढ व्याज मागण्याचा आम्हाला हक्क आहे, आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून सूक्ष्म व लघु उद्योगांना मुदतीत पैसे न देणाऱ्या ग्राहकाला पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च आयकर हिशेबात धरता येत नाही, हेही खरे. पण ज्या ग्राहकाने करोनाच्या काळात आमच्या कामगारांचे पगार निघावेत म्हणून आगाऊ पैसे दिले होते, त्याच्या खरेदी अधिकाऱ्याने ते पत्र हातात घेऊन थेट आम्हाला फोन लावला. पैसे आले, पण त्यापूर्वी पुष्कळ बोलणी खावी लागली. बदली माणसाला कायद्याचे ज्ञान असणे चांगलेच. कारखान्याच्या नावाने बाहेर जाणारे प्रत्येक पत्र मात्र आधी मालकाच्या डोळ्यांखालून गेले पाहिजे, आणि हे संस्थेच्या करारात लिहिलेले असायला हवे. आमच्या करारात ‘वसुलीचा पाठपुरावा’ एवढे दोनच शब्द होते.

या सेवेचा एक लाभ असा आहे की तो मागायला आम्ही गेलो नव्हतो आणि संस्थेच्या जाहिरातीतही त्याचा उल्लेख नाही. बँकांमध्ये नाजूक पदांवरील कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा, पूर्वसूचना न देता, सलग किमान दहा कामकाजाच्या दिवसांची सक्तीची रजा द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. जुलै २०२१मध्ये तो नव्याने काढला गेला. कारण उघड आहे. एका टेबलावर एकच माणूस दीर्घकाळ बसला की त्याच्या नोंदी दुसरा कोणी पाहत नाही. मुंबईतल्या ब्रॅडी हाउस शाखेतल्या हमीपत्रांचा घोटाळा २०१८च्या सुरुवातीला उघडकीस आला तोही, पंजाब नॅशनल बँकेच्या तक्रारीनुसार, आधीचा अधिकारी निवृत्त झाल्यावर नव्याने आलेल्यांनी ‘पूर्ण रकमेचे तारण ठेवा’ असे म्हटले आणि हमीपत्र मागणाऱ्या कंपन्यांनी ‘आजवर कधी मागितले नव्हते’ असे उत्तर दिले तेव्हा. आमच्या लेखापालांच्या सचोटीविषयी शंका घेण्याचा प्रश्नच नाही. परंतु सचोटी असलेल्या माणसाच्याही नजरेला सवय होते. मॅडमना दोन गोष्टी सापडल्या. एका पुरवठादाराचे खाते दोन निरनिराळ्या स्पेलिंगने दोनदा उघडलेले होते. एकावर त्याला दिलेला ॲडव्हान्स पडून होता आणि दुसऱ्यावर त्याचीच देणी दिसत होती, म्हणजे त्याला देय रकमेपेक्षा जास्त पैसे जाण्याची पुरती सोय झाली होती. दुसरे म्हणजे, महिना २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या महिलांना महाराष्ट्रात एप्रिल २०२३पासून व्यवसाय कर लागत नाही, तरी तपासणी विभागात नव्याने लागलेल्या एका मुलीच्या पगारातून दरमहा २०० रुपये कापले जात होते. रक्कम लहान, पण ती त्या मुलीची होती.

असा शोध लागायचा तर बदली माणसाला टॅलीत स्वतंत्र नावाने प्रवेश द्यायलाच हवा. १ एप्रिल २०२३पासून कंपन्यांना नोंदींतील प्रत्येक बदलाचा मागोवा ठेवणारे सॉफ्टवेअर वापरणे बंधनकारक आहे. दोघांनी एकाच नावाने काम केले तर त्या मागोव्याला काहीच अर्थ उरत नाही. संस्थेने याविषयी अवाक्षर काढले नाही, ते आम्ही केले.

लेखापाल परत आले तेव्हा पाय सुजलेले आणि चेहरा प्रसन्न होता. टेबलावर त्यांच्यासाठी मॅडमची वही होती. रोज काय नोंदले, काय अडले, कोणाला काय सांगितले, कोणते बिल कोणत्या कारणाने थांबवले, हे तारखेवार आणि सुवाच्य अक्षरात लिहिलेले होते. एवढी नीट चार्ज परत करण्याची वही मी आमच्या क्षेत्रात क्वचितच पाहिली आहे. ती संस्थेच्या पद्धतीचा भाग नव्हे, बाईंची स्वतःची सवय आहे, असे चौकशीअंती कळले. संस्थेचा करार शेवटच्या दिवशी संध्याकाळी संपतो. त्यानंतर काही विचारायचे असेल तर संकेतस्थळावर तक्रार क्रमांक घेऊन वाट पाहावी लागते. परतलेल्या माणसासोबत बदली माणसाने निदान अर्धा दिवस तरी बसायला हवे, आणि त्याचे पैसे वेगळे मागण्याऐवजी मूळ दरातच धरायला हवेत. वही नसती तर जूनअखेरचा ताळा पुन्हा पहिल्यापासून बसवण्यात आमच्या लेखापालांचे वारीचे सारे पुण्य खर्ची पडले असते.

दराविषयी. संस्थेचा मोबदला आमच्या लेखापालांच्या तेवढ्याच दिवसांच्या पगाराच्या दीडपटीहून थोडा अधिक पडला, आधीचे एकत्र बसण्याचे दिवस धरून. त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो आम्हाला परताव्यात मिळतो. ज्या लहान पेढ्या जीएसटीच्या आपसमेळ (कॉम्पोझिशन) योजनेत आहेत त्यांना मिळत नाही, त्यांनी तो खर्चच धरावा. याच काळात लेखापालांचा पगारही चालू असतो, म्हणजे त्या टेबलाचा खर्च अडीचपट होतो. नुसत्या बिलांसाठी आणि पगारपत्रकासाठी एवढा खर्च मी करणार नाही. महिन्याला मोजकी बिले काढणाऱ्या, त्रैमासिक विवरणपत्रे भरणाऱ्या पेढीने लेखापालांची रजा दोन तारखांच्या मधल्या मोकळ्या दिवसांत बसवावी आणि पैसे वाचवावेत. ज्यांच्याकडे रोज गाड्या निघतात, ई-इन्व्हॉइस लागू आहे आणि परराज्यात माल जातो, त्यांना मात्र ही सेवा परवडते, कारण एक गाडी मागे वळली तरी भाडे आणि ग्राहकाचा दंड मिळून बरेच पैसे जातात. बदली माणूस आजारी पडला तर एका दिवसात दुसरा देऊ, असे करारात आहे; त्याची वेळ आमच्यावर आली नाही, म्हणून त्यावर मत देत नाही.

आमच्या तक्रारींवर संस्थेने उत्तर दिले. ओटीपीचा रकाना चार्जच्या तक्त्यात घालण्याचे त्यांनी मान्य केले आहे, आणि डिजिटल स्वाक्षरीविषयीचा सल्ला त्या समन्वयकाचा वैयक्तिक होता असे कळवले आहे. परतीच्या अर्ध्या दिवसाबाबत अजून घासाघीस चालू आहे.

लेखापाल २०२६ लाही जाणार आहेत, आणि या वर्षी अधिक ज्येष्ठ आल्यामुळे आषाढी एकादशी २५ जुलैला आहे. म्हणजे गेल्या वेळी रजेच्या बाहेर पडलेल्या ११ आणि १५ या तारखाही या वेळी २० तारखेबरोबर रजेच्या आत येतात, पाठोपाठ ३१ जुलैला तिमाहीचे टीडीएस विवरणपत्र उभे आहे, आणि गेल्या वर्षीच्या दराने गेल्या वर्षीएवढेच काम होईल असे संस्थेने समजू नये, म्हणून कामाची यादी तारखांसह आम्हीच लिहून पाठवली आहे. मागणी त्याच बाईंची नावानिशी नोंदवली आहे. त्या उपलब्ध नसतील तर एकत्र बसण्याचे दिवस वाढवून द्यावेत, जूनचा पगार आणि टीडीएस लेखापालांनी निघण्यापूर्वीच उरकावेत, आणि जुन्या ग्राहकांना पत्र पाठवण्याचे काम यादीतून पूर्णपणे वगळावे, अशा अटी घातल्या आहेत. संस्थेने पहिल्या दोन मान्य केल्या. तिसरीवर त्यांचे म्हणणे असे की वसुली वगळली तरी दर कमी होणार नाही. तो तसाच राहिला तरी आमची हरकत नाही.